लोकलची गर्दी, पाऊस आणि लॅपटॉप : सॅक घेताना नेमकं काय बघायचं?

मृण्मयी_कल्याण | ४ जून

नमस्कार मंडळी,

आठवड्यातले चार दिवस माझा कल्याण ते ऐरोली प्रवास असतो. ठाण्याला उतरायचं, पूल चढायचा, ट्रान्स हार्बर मार्गाची लोकल पकडायची. ऑफिसचा लॅपटॉप १५.६ इंची, चार्जर धरून अडीच किलोच्या आसपास. त्यात डबा, बाटली, छत्री. लेडीज डब्यात शिरलं की सॅक पुढे छातीशी घ्यावी लागते आणि ठाणं येईपर्यंत ती चेपलेलीच असते.

गेल्या महिन्यात ऑफिसात पोचल्यावर रोजच्यासारखी सॅक खुर्चीशेजारी टेकवत होते. जमिनीपासून वीतभर उंचीवर असताना पट्टा हातातून सुटला. आपटली वगैरे नाही. लॅपटॉप बाहेर काढला तर खालचा डावा कोपरा दबलेला. झाकण उघडताना कर्रकन आवाज आला आणि बिजागरीजवळचं प्लास्टिक तडकलं. ऑफिसने दुसरा लॅपटॉप दिला, पण लेखी खुलासा द्यावा लागला. दहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा असं काही लिहून दिलं, फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर रिकामी सॅक मांडीवर घेऊन बसले. पाठीकडे बोटभर जाड फोम आहे, पुढेही थोडा आहे. एक हात आत घालून बूड चाचपलं आणि दुसरा हात बाहेरून लावला, तर बोटाला बोट लागलं. मध्ये नुसतं कापड आणि अस्तर. म्हणजे वर्षभर लॅपटॉप रोज थेट फरशीवर टेकत होता. दुकानात मी कप्पे मोजले, चेन चालवून पाहिली, रंग निवडला. बूड बघायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

आता नवी घ्यायची आहे. बजेट अडीच-तीन हजार. ब्रँडचं नाव सांगितलं तरी चालेल, पण त्यापेक्षा दुकानात उभं राहून काय तपासायचं ते सांगा. पाऊस तोंडावर आलाय.

साधासरळ | ४ जून

वाचतोय. लेक यंदा इंजिनीअरिंगला जाईल, तिच्यासाठी मलाही हेच हवंय.

नाशिकचा_तंत्रज्ञ | ४ जून

मृण्मयीताई, मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. तुम्ही सांगितलेला कोपरा माझ्या टेबलावर नेहमी येतो. त्याच्याइतकाच येणारा दुसरा प्रकार म्हणजे फुटलेला पडदा. बाहेरून एक ओरखडा नसतो, पडलेलाही नसतो, आणि चालू केला की आत कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की कुठेही लागलं नाही. ते खरंच बोलत असतात. तो पडदा दाबाने गेलेला असतो.

दाब येतो कुठून बघा. सॅक पुढे घेतली की लॅपटॉपचा कप्पा तुमच्या छातीला लागून असतो आणि डब्याचा, बाटलीचा कप्पा बाहेरच्या बाजूला. समोरच्या माणसाने रेटलं की तो रेटा स्टीलच्या डब्यावर येतो आणि डब्याची कड लॅपटॉपच्या झाकणात रुतते. मागे तुमच्या बरगड्या, पुढे डबा, मध्ये दोन-तीन मिलिमीटरचं पॅनेल. झाकण मधोमध थोडं जरी वाकलं तरी आतली काच जाते.

त्यामुळे नुसता फोम बघू नका. लॅपटॉपचा कप्पा आणि मुख्य कप्पा यांच्यामधला पडदा कसा आहे ते बघा. चांगल्या सॅकमध्ये त्या पडद्यातही फोम असतो आणि काहींमध्ये पातळ कडक शीट असते. हाताने वाकवून पाहा. चादरीसारखा लोळत असेल तर गर्दीत त्याचा काही उपयोग नाही.

चार्जर लॅपटॉपच्या कप्प्यात कधीच ठेवू नका. चार्जरची वीट म्हणजे छोटा दगडच. आणि माउसचा तो नखाएवढा रिसीव्हर, पेन ड्राइव्ह, हे काढून मगच आत सरकवा. ते अडकून पोर्ट तुटलेले लॅपटॉपही येतात.

आणखी एक, सॅकशी थेट संबंध नसलेलं. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नसतं. हल्लीचे बरेचसे लॅपटॉप स्लीपमध्ये असतानाही अधूनमधून जागे होतात, अपडेट वगैरे घेतात. बंद सॅकमध्ये गरम हवा जायला जागा नसते. तासाभराने बाहेर काढावा तर हाताला चटका आणि बॅटरी निम्मी. फोम जितका चांगला तितकी उष्णता आत जास्त कोंडते. निघायच्या आधी शट डाउन करा किंवा हायबरनेटला टाका.

दादर_पूर्व | ४ जून

तीस वर्षं लोकलने काढली आहेत. माझा अनुभव सांगतो. लॅपटॉपला आधी चांगलं जाड कव्हर घ्या, आणि ते कुठल्याही साध्या सॅकमध्ये टाका. डबा स्वतंत्र पिशवीत. डबा आणि लॅपटॉप एका ठिकाणी ठेवूच नयेत, आमटी कधी सांडेल सांगता येत नाही.

मृण्मयी_कल्याण | ४ जून

@दादर_पूर्व काका, कव्हरचं पटलं. पण दोन पिशव्या घेऊन सकाळच्या वेळी चढता येत नाही हो. एक हात दांड्याला लागतोच, दुसऱ्या हाताने सॅक धरते. तिसरा हात नाही.

@नाशिकचा_तंत्रज्ञ, डब्याचं वाचून अंगावर काटा आला. माझा डबा बरोबर तिथेच असतो. आणि मी तर नेहमी नुसतं झाकण मिटते!

हिंजवडी_रोजचा | ५ जून

पावसाबद्दल मी सांगतो. कोथरूड ते हिंजवडी दुचाकीवर सहा पावसाळे झालेत.

पहिली चूक मी ही केली की 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे पाऊस चालतो असं समजलो. कापड पाणी अडवतं ते आतल्या बाजूच्या लेपामुळे. पण पाणी कापडातून येतच नाही. ते येतं चेनमधून आणि शिलाईच्या भोकांतून. दहा मिनिटांची सर झेपते, अर्ध्या तासाचा पाऊस झेपत नाही.

दुसरी चूक रेनकव्हरवर विसंबण्याची. रेनकव्हर सॅकचा पुढचा भाग झाकतं, पाठीकडची बाजू उघडी असते. हेल्मेटवरून निथळलेलं पाणी रेनकोटच्या मानेवरून खाली येतं आणि पाठ व सॅक यांच्या मधून वाहतं. आता लॅपटॉपचा कप्पा कुठे असतो? नेमका पाठीला लागून. वरून सगळं कोरडं, आणि लॅपटॉपच्या कप्प्याला ओल. शिवाय ते पाणी रेनकव्हरच्या तळाशी साठतं आणि सॅक त्यात बसून राहते. माझ्या रेनकव्हरला खाली एक छोटं भोक होतं, ते निर्मात्याने मुद्दाम ठेवलंय हे मला दोन वर्षांनी कळलं. तुमच्या कव्हरला नसेल तर पाडून घ्या.

आता मी लॅपटॉप जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, तोंड दोनदा दुमडतो आणि मग कव्हरमध्ये सरकवतो. बाहेर रेनकव्हर असतंच. गेले तीन पावसाळे एक थेंब लागलेला नाही. ऑफिसात पोचल्यावर मात्र पिशवीतून लगेच बाहेर काढायचा, आत दमटपणा धरतो.

रत्नागिरी_समुद्राकाठी | ५ जून

माझ्या जुन्या सॅकचं अस्तर चिकट झालंय, पांढरे पापुद्रे लॅपटॉपला चिकटतात. धुऊन बघितली, आणखी वाढलं. हे कशाने होतं?

सांगलीचा_शिलाईवाला | ५ जून

धागा आज पाहिला. सांगलीत बस स्टँडजवळ आमच्या वडिलांचं बॅग दुरुस्तीचं दुकान आहे. मी शाळेत असल्यापासून मशिनवर बसतो. सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

@रत्नागिरी_समुद्राकाठी, तो पॉलियुरेथेनचा लेप. दमट हवेत तो हळूहळू कुजतो, आधी चिकट होतो आणि मग सुटतो. कोकणात लवकर होतं. मशिनमध्ये आणि गरम पाण्यात धुतलं की काम तमाम. सॅक ओल्या फडक्याने पुसायची आणि सावलीत उलटी टांगून वाळवायची. पावसाळ्यात भिजलेली सॅक कपाटात बंद करू नका. आता तुमची सॅक परत पहिल्यासारखी होणार नाही. पट्टे आणि चेन चांगले असतील तर कुणाकडून तरी अस्तर बदलून घ्या.

आता मृण्मयीताईंच्या प्रश्नाकडे. दुरुस्तीला येणाऱ्या सॅक कापड फाटून फार कमी येतात. चेन जाते, नाहीतर खांद्याचा पट्टा वरच्या मुळाशी उसवतो, नाहीतर हँडल. दुकानदार मात्र तुम्हाला कापड दाखवतो आणि डेनियर सांगतो. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढाच अर्थ. रोजच्या सॅकला ६०० डेनियर पॉलिएस्टर पुरतं. १६८० असेल तर घासण्याला जास्त टिकतं, पण सॅकचं वजनही वाढतं. त्याच्यात अडकून पडू नका.

सॅक हातात घेतली की सगळे कप्पे उघडा आणि ती आतून बघा. दोन कापडं जिथे जोडली आहेत तिथे कडेला पायपिंग पट्टी मारलीय का? उघडी कड असेल तर धागे निघतात आणि चेनमध्ये अडकतात. शिलाईच्या बाहेर कापड किमान एक सेंटिमीटर सोडलेलं असावं. माया कमी ठेवली की वजन पडल्यावर शिलाई कापडासकट निसटते, आणि मग आम्हालाही धरायला कापड मिळत नाही. टाके इंचाला सात-आठ पुरेत. फार दाट टाक्यांनी कापडाला भोकंच पडतात.

मग खांद्याचा पट्टा. तो पाठीच्या कापडावर वरून ठेवून शिवलेला नको. दोन कापडांच्या जोडात आत घुसवलेला हवा आणि त्यावर चौकोन-फुलीची शिलाई हवी. खालची निवारपट्टी जिथे जोडलीय तिथे बारटॅक, म्हणजे आडवी दाट पट्टीसारखी शिलाई, दिसली पाहिजे. दोन्ही हातांनी पट्टा धरा आणि झटका द्या. शिलाईच्या भोकांतून उजेड दिसला तर ती सॅक खाली ठेवा. दुकानदाराला काय वाटेल याचा विचार करू नका, अडीच किलो रोज त्याच भोकांवर लटकणार आहे.

चेनला नंबर असतो. मिटलेले दात साधारण जितके मिलिमीटर रुंद, तो नंबर. बाहेरच्या छोट्या कप्प्याला ५ चालतो. मुख्य कप्प्याला आणि लॅपटॉपच्या कप्प्याला ८ किंवा १० हवा. बऱ्याच स्वस्त सॅकमध्ये सगळीकडे ५ असतो. रनरच्या मागे वायकेके या चेन कंपनीचं नाव लिहिलेलं असेल तर चांगलंच, पण नावापेक्षा चेन कशी वळवलीय ते बघा. कोपऱ्यावर काटकोनात वळवली असेल तर रनर रोज तिथे अडेल आणि तिथेच दात सुटतील. गोल वळण हवं. आणि चेन मागून उघडायला लागली म्हणजे चेन गेली असं समजू नका. बहुतेक वेळा रनरचं तोंड फाकलेलं असतं. नवा रनर थोड्या पैशांत बसतो. पूर्ण चेन बदलायला सांगणाऱ्याला आधी रनर बदलून बघा म्हणावं.

फोम अंगठ्याने दाबा. अंगठा काढल्यावर लगेच वर आला पाहिजे आणि पूर्ण दाबला तरी मागच्या बोटाचं हाड लागू नये. जाडी फसवते. गादीतला स्पंज इंचभर असला तरी दाबला की कागद होतो. ईव्हीए किंवा तसला घट्ट फोम आठ-दहा मिलिमीटर असला तरी धरून राहतो.

शेवटी बूड. लॅपटॉपचा कप्पा सॅकच्या बुडापर्यंत जाऊच नये. दोन-तीन बोटं वर संपला पाहिजे, झोळी टांगल्यासारखा. मग सॅक टेकली तरी लॅपटॉप हवेत राहतो. ओळखायचं कसं? तुमचा लॅपटॉप घेऊन जा, आत ठेवा, सॅक काउंटरवर नेहमीसारखी टेकवा. 'टक्' ऐकू आलं तर लॅपटॉप खाली लागतोय. 'धप्' आलं तर ठीक. मग बाहेरून मूठ बुडाला लावून वर दाबा. लगेच कडक लागता कामा नये.

साधासरळ | ५ जून

दादा, हे छापून घेऊन दुकानात जाणार. मनापासून आभार.

पाठीची_काळजी | ६ जून

शिलाईवाले दादांना अनुमोदन. मी फिजिओथेरपिस्ट आहे, थोडी भर घालते. जड वस्तू पाठीला जितकी चिकटून तितका भार कमी जाणवतो, म्हणून लॅपटॉपचा कप्पा पाठीकडे असतो तेच योग्य. सॅकचं बूड कमरेच्या खाली लोंबू देऊ नका, पट्टे आवळून वर घ्या. छातीवरचा आडवा पट्टा असेल तर तो लावा, पट्टे खांद्यावरून घसरत नाहीत. एका खांद्यावर अडकवायची सवय मात्र सोडा.

पुढे छातीशी घेतल्यावर आपण नकळत मागे वाकतो आणि कंबर भरून येते. कल्याण-ठाणे तेवढं चालेल, फलाटावर उतरल्यावर पुन्हा पाठीवर घ्या. साधासरळ, शाळेच्या मुलांसाठी २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत दप्तर असा नियम आहे. तुमची लेक मोठी आहे, तरी हाच आकडा डोळ्यासमोर ठेवा. नुसती रिकामी सॅकच दीड किलोची असेल तर घेऊ नका.

पुणे_दिल्ली_पुणे | ६ जून

विमानाने जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. लॅपटॉपचा कप्पा बाहेरून स्वतंत्र उघडणारा घ्या, सुरक्षा तपासणीत लॅपटॉप ट्रेमध्ये काढून ठेवावा लागतो आणि मागे रांग असते. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, सॅकमध्येच हवी. विनापरवानगी मर्यादा १०० वॅट-तास. २०,००० एमएएचची साधारण ७४ होते, म्हणजे चालते.

दादर_पूर्व | ६ जून

मृण्मयी, एका हाताचं बरोबर आहे तुमचं. माझ्या वेळी दारात एवढी माणसं नसत. सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात मोबाइल-पाकीट मात्र ठेवू नका. आणि लॅपटॉप आहे हे ओरडून सांगणारी सॅक नको, साधी काळी-निळी बरी.

मृण्मयी_कल्याण | १५ जून

सर्वांचे आभार. शनिवारी ठाण्याला स्टेशनजवळ चार दुकानं फिरले, लॅपटॉप बरोबर घेऊन.

आधी घरी टेपने मोजला होता. १५.६ इंच हे पडद्याच्या तिरक्या रेषेचं माप असतं, सॅकवरही तेवढंच छापतात. प्रत्यक्षात माझा लॅपटॉप ३६ सेंटिमीटर रुंद आणि साडेचोवीस सेंटिमीटर खोल आहे. पहिल्या दुकानातल्या सॅकवर '१५.६' लिहिलं होतं, पण लॅपटॉप आत गेल्यावर चेन कोपऱ्यांवर ताणली जात होती. म्हणजे कोपऱ्याला फोमच नाही, चेनच लागणार. ज्यांच्याकडे १६ इंची उंच पडद्याचे लॅपटॉप आहेत त्यांनी तर घालून बघितल्याशिवाय घेऊच नका.

टक् आणि धप् दोन्ही ऐकले! दुसऱ्या दुकानात काउंटरवर टेकवली आणि असा स्वच्छ 'टक्' आला की दुकानदार स्वतःच म्हणाला, ताई, ही राहू द्या. त्यानेच मग आतल्या खोलीतून एक साधी निळी काढून दिली. तिचा कप्पा टांगलेला आहे, चार बोटं नाही पण अडीच नक्की. मधला पडदा कडक. मुख्य चेन ८ नंबरची, गोल वळणाची. पट्टा झटकून पाहिला, उजेड दिसला नाही. २४०० रुपये. बूड मात्र कापडाचंच आहे, फोम नाही.

शिलाईवाले दादा, बुडाला मी घरी काही करू शकते का?

सांगलीचा_शिलाईवाला | १५ जून

छान निवडलीत. लहान मुलांना खेळायला जमिनीवर अंथरतात ना, एकमेकांत अडकणारे रंगीत फोमचे चौकोन, ते बहुधा ईव्हीएचेच असतात. दहा-बारा मिलिमीटर जाड. घरात असेल तर एक घ्या. सॅकच्या आतल्या बुडाचं माप घेऊन कापा आणि टांगलेल्या कप्प्याच्या खाली, मुख्य कप्प्याच्या तळाशी बसवा. शिवायची गरज नाही, घट्ट बसेल असा कापला की पुरे. डबा त्या फोमवर उभा ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून. डबा आणि मधला पडदा यांच्यामध्ये छत्री किंवा ओढणी राहू द्या.

मृण्मयी_कल्याण | २८ जुलै

धागा वर काढतेय, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लेकाच्या चटईचा एक पिवळा चौकोन सॅकच्या तळाशी बसलाय. त्यानेच पेन्सिलने रेघ मारून दिली. हिंजवडीकरांची प्लास्टिकची पिशवी रोज वापरते. परवा गाड्या रखडल्या होत्या, ठाण्याला पुलावर पाऊण तास पावसात उभी होते. रेनकव्हरच्या तळाशी पाणी साठलं होतं, भोकातून धार लागलेली दिसत होती. ऑफिसात जाऊन कप्प्यात हात घातला तर पाठीकडची बाजू ओलसर होती. पिशवी उघडली, लॅपटॉप पूर्ण कोरडा. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचा कीबोर्ड त्या दिवशी गेला. तिला लगेच चार्जर काढून बंद ठेवायला सांगितलं आणि हा धागा पाठवला.

एकच अडचण. पिवळ्या चौकोनाचे कोपरे आतून अस्तराला घासतायत, एका ठिकाणी अस्तर पातळ झाल्यासारखं वाटतंय.

सांगलीचा_शिलाईवाला | २८ जुलै

कोपरे काटकोनात ठेवलेत म्हणून. पाच रुपयांचं नाणं कोपऱ्यावर ठेवा, त्याच्या कडेने गोल रेघ मारा आणि कात्रीने कापा. वरची कडही थोडी तासून घ्या. अस्तर पातळ झालंय तिथे आतून सुती कापडाचा तुकडा हाताने धावदोरा घालून लावा, बाहेरच्या कापडात सुई जाऊ देऊ नका. नाहीतर त्याच भोकातून पाणी येईल.